एकोणीस किलोंची बाबागाडी

काट्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. बायको म्हणायची, "याच्या पाठीतच घड्याळ बसवलंय. बरोब्बर चारला दुखायला लागतं." साडेपाचला तो कमरेला रुंद पट्टा आवळून विमानाच्या पोटाखाली हजर असायचा. सव्वीस वर्षं सामान चढवलं, उतरवलं. विमानात एकदाही बसला नाही.

काटा हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. बॅग हातात घेतली की तो वजन सांगायचा. "साडेतेवीस." काट्यावर ठेवावी तर साडेतेवीसच. त्याचा जोडीदार लंबू नव्या माणसाशी चहाची पैज लावायचा आणि फुकटचा चहा प्यायचा. घरी मिठाचा डबा उचलतानाही काट्याच्या तोंडून आकडा निघे. बायको वैतागे. "डबा फक्त दे. मला काय दुकान मांडायचंय?"

त्याचा नियम एकच होता. सामान फेकायचं नाही. फेकण्यानं काम लवकर होतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. फेकणारा फक्त वाकायचं टाळतो, आणि वाकणं हेच तर काम. काटा प्रत्येक नगापाशी गुडघ्यात वाकायचा आणि हाताचा आधार सुटायच्या आत बॅग टेकवायचा. मुकादम त्याच्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायचा, "हे बघून शिका."

राग मात्र त्याला बाबागाड्यांचा होता. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. दारात तिला चिठ्ठी बांधतात, मूल कडेवर जातं आणि गाडी बाजूच्या लोखंडी जिन्यानं खाली येते. तिचं वजन कुणी करत नाही. हे लोकांना पक्कं ठाऊक. मग गाडीच्या खालच्या पिशवीत बूट, पुस्तकं, तेलाचे डबे. एकदा तर इस्त्री निघाली. काटा म्हणायचा, "पैसे त्यांचे वाचतात, मणके आमचे झिजतात." डॉक्टरनं त्याला त्याच्याच पाठीचा फोटो उजेडात धरून दाखवला होता. झिजलेले दोन मणके त्याला तोंडपाठ होते.

त्या दिवशी सकाळचं चौथं विमान. सगळं सामान भरून झालं होतं, दार लावायचं बाकी. जिन्यावरून हाक आली, "एक बाबागाडी आहे रे!" काटा वर गेला. गाडी घडी घालून जाड कापडी खोळीत घातलेली, वरून दोरीनं करकचून बांधलेली. त्यानं उचलली आणि पाठीत कळ गेली.

"एकोणीस," तो खाली येऊन म्हणाला.

"बाबागाडी?" लंबू हसला. "पोरगं आतच विसरले की काय?"

"बाबागाडी फार तर अकरा भरते. वरचे आठ किलो म्हणजे अख्खं दुकान आहे आत."

लंबू हात पुढे करून थांबला होता. काट्यानं गाडी त्याच्या हातात दिली नाही. खांद्यापर्यंत उचलली आणि विमानाच्या पोटात आदळली. कड असा आवाज झाला. सव्वीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा सामान फेकलं होतं.

"अरे, मोडलं काहीतरी," लंबू म्हणाला.

"मोडू दे. चोराचा माल."

दार लागलं. एरवी गोष्ट तिथंच संपली असती. सामान दुसऱ्या गावी उघडतं, ते पाहायला लोडर तिथं नसतो. पण त्या विमानाच्या इंजिनात काहीतरी बिघडलं. तासभर उभं राहून शेवटी सगळ्यांना उतरवायचं ठरलं. बाबागाडी आधी वर द्यायची असते. काट्यानंच ती जिन्यावरून वर नेली.

दारात एक बाई उभी होती. तिच्या खांद्यावर मूल होतं. मूल कसलं, सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते आणि मान तिच्या खांद्यावर टाकल्यासारखी पडली होती. मुलगा काट्याकडे बघत होता की त्याच्या पलीकडे, ते कळत नव्हतं.

काट्याच्या हातातलं ओझं पाहून बाई घाईनं म्हणाली, "काका, फार जड आहे ना? माफ करा हं. याला मान धरता येत नाही. बाजारातल्या गाडीत बसत नाही तो. याच्या बाबांनी आतली खुर्ची घरी बनवली. ते खिडक्यांच्या जाळ्या बनवतात, त्यांना लोखंडच येतं. हलकं जमलं नाही त्यांना."

काट्यानं दोरी सोडून दिली. खोळ निघाली. आत इस्त्री नव्हती, बूट नव्हते. लोखंडी पट्ट्यांची खुर्ची, तिच्यावर जुन्या रजईचे तुकडे नीट शिवलेले. डोक्यामागचा आधार मात्र जोडापासून तुटून एका बाजूला कलला होता.

बाईनं तो आधार हातानं सरळ करून पाहिला. मग तिनं स्वतःच कारण काढलं. "पट्ट्यावरून पडलं असेल नाही? सामान चढवायच्या सरकत्या पट्ट्यावरून?"

काट्यानं होकाराची मान हलवली.

तेवढंच. एक शब्दही बोलावा लागला नाही. बाईनं गळ्यातला रुमाल सोडून मुलाचं डोकं खुर्चीच्या पाठीला बांधून पाहिलं. डोकं घसरत होतं. तिनं रुमाल सोडला, मुलाला परत खांद्यावर घेतलं आणि एका हातानं ती गाडी ढकलत निघून गेली. मुलगा किती भरेल हे काट्याला पाहताक्षणी कळलं होतं. अठरा. ती त्याला एका हातावर नेत होती.

मुकादमानं कागद भरला. कारण : पट्ट्यावरून पडून नुकसान. साक्षीदार म्हणून काट्यानं सही केली.

त्यानंतर तो वजन सांगेना. लंबूनं पैज लावली तर म्हणाला, "कळत नाही आता." घरी बायकोनं मिठाचा डबा मागितला, त्यानं मुकाट्यानं दिला. ती हातातलं काम टाकून त्याच्यासमोर बसली.

"काय झालंय?"

त्यानं सगळं सांगितलं. मान हलवल्याचं शेवटी सांगितलं, सगळ्यात हळू.

"मला सांगून काय उपयोग?" बायको म्हणाली. "मी का त्या पोराला उचलून फिरतेय?"

दुसऱ्या दिवशी तो मुकादमाकडे गेला. "तो कागद बदला. मी फेकली गाडी."

मुकादमानं चष्मा काढला. "काट्या, पट्ट्याला तोंड नाही, तो तक्रार करत नाही. तू कशाला करतोयस? निवृत्तीला वर्षसुद्धा राहिलं नाही तुझ्या."

"बदला."

कागद बदलला. काट्याला आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं. कंपनीनं असंही कळवलं की घरी बनवलेल्या वस्तूचं बिल नसल्यामुळे भरपाई देता येत नाही. कागदावर बाईचा फोन नंबर होता. काट्यानं तो तळहातावर लिहून घेतला. दोन दिवस आंघोळीतही तो हात वर धरत होता. तिसऱ्या दिवशी बायकोनं फोन त्याच्यापुढे ठेवला आणि ती दारात उभी राहिली. म्हणजे पळायची वाट बंद.

"मी लोडर," तो म्हणाला. "तुम्ही मला काका म्हणालात तो. गाडी पट्ट्यावरून पडली नाही. मी आपटली. आत चोरून सामान भरलंय असं वाटलं."

 पलीकडे मुलाचा आवाज येत होता, गाण्यासारखा, एकाच सुरातला.

"तुम्ही मान हलवलीत," बाई म्हणाली.

"हो."

"मी तुमची माफी मागितली होती."

"हो."

"तीन दिवस दवाखान्यात याला खांद्यावर घेऊन फिरले मी." मग तिचा आवाज खाली आला. "ते जाऊ दे. याचे बाबा त्या दिवसापासून धड जेवत नाहीत. म्हणतात, माझाच जोड कच्चा होता. लोकांच्या खिडक्या पक्क्या बसवतो आणि पोराची खुर्ची कच्ची केली. रोज तो तुकडा हातात घेऊन बघत बसतात."

 गाडी मोडली एवढंच त्याला ठाऊक होतं. आपल्या एका मान हलवण्यानं कुठल्याशा घरात एक कारागीर स्वतःच्या हातांना दोष देत बसलाय, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"त्यांना फोन द्या," तो म्हणाला.

फोनवर पुरुषाचा खोल आवाज आला. काट्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खांद्याएवढ्या उंचीवरून, दोन्ही हातांनी, जोर लावून, हेही सांगितलं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"म्हणजे जोड पक्का होता?"

"पक्का होता. तेवढ्या जोरानं काहीही मोडलं असतं."

 शिवी येईल म्हणून काटा फोन कानाला घट्ट धरून थांबला. शिवी आली नाही. "बरं," एवढंच तो म्हणाला. माफ केलं असं नाही म्हणाला. काट्यानंही माफी मागितली नाही. मागितली असती तर आणखी एक ओझं त्यांच्याच डोक्यावर गेलं असतं.

फोन ठेवायच्या आधी काट्यानं विचारलं, "लोखंडाऐवजी काय वापरलं तर हलकं होईल?"

"अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या. पण महाग जातात, आणि त्या जोडायला वेगळं मशीन लागतं."

निवृत्तीपर्यंत काट्यानं एकही सुट्टी घेतली नाही. रविवारचीही पाळी मागून घेतली. प्रत्येक नगापाशी वाकला. बायकोनं त्या जादा पैशांबद्दल एकदाही विचारलं नाही. शेवटच्या महिन्यात त्या मुलाच्या घरून निरोप आला. फोटो नाही, आभार नाही. दोनच ओळी : "खुर्ची झाली. गाडीसकट अकरा भरते."

पाच महिन्यांच्या जादा पाळ्यांचा पगार त्या नळ्यांत आणि मशीनच्या भाड्यात गेला.