मशीनमागे बसून वैशाखऱ्याला

वैशाखऱ्याला जायचं ठरवलं ते फिरायला म्हणून नव्हे. वहिनीचा फोन आला होता.

"ताई, ह्यांना सांगा मशीन बंद करा म्हनून. माझं आयकत नाय. सकाळी बोटं खडूसारखी पांढरी पडतात. चहाचा कप सुटतो हातातून."

वहिनी बोलत होती ती माझ्या थोरल्या भावाबद्दल. झाडं तोडायची आणि जागेवरच त्यांच्या फळ्या पाडून द्यायच्या, हा दादाचा धंदा. वडलांबरोबर दुहाती करवत ओढत तो शिकला. नव्वदच्या दशकात त्याने कटर मशीन, म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनची करवत, घेतलं आणि शहापूर-मुरबाडच्या गावागावातून त्याला बोलावणी यायला लागली. बांधावरचा ऐन असो की घरावर कललेला आंबा, दादा मोटरसायकलला मशीन बांधून निघायचा आणि काम संपेपर्यंत त्याच घरी जेवायचा, झोपायचा. मी लग्न होऊन कल्याणला आले, ऑफिसला लागले. त्याचं काम कधी धड पाहिलंच नव्हतं. तेव्हा रजा टाकली, त्याला म्हटलं, वैशाखऱ्याच्या कामाला तुझ्याबरोबर येते.

सकाळची कसारा लोकल पकडून आटगावला उतरले. पौषात या बाजूला येणार असाल तर स्वेटर आणा. कल्याणच्या थंडीवर जाऊ नका. दादा स्टेशनाबाहेर उभा होता, हात काखेत घालून. गाडीच्या एका अंगाला गोणपाटात गुंडाळलेलं मशीन, दुसऱ्या अंगाला पेट्रोलचा कॅन. मधल्या जागेत मी.

"पडशील गो, नीट धर," एवढंच म्हणाला.

शहापूरपर्यंत हायवे, ट्रकच ट्रक. शहापूरला एसटी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. स्वस्त आणि झणझणीत, पण पाव आधी मागून ठेवा, संपतात. दादाने पाव दोन्ही तळव्यांत दाबून मोडला. बोटं वापरलीच नाहीत. मी बघतेय हे त्याला कळलं आणि तो रस्त्याकडे बघत खायला लागला.

तिथून मुरबाडला जाणारा आतला रस्ता खड्ड्यांचा, पण बघण्यासारखा. कापणी झालेली भातशेतं, मध्येच वालाचे हिरवे पट्टे. आणि तारेची कुंपणं. दर थोड्या अंतरावर एक कुंपण, गेटवर प्लॉट विकण्याचा बोर्ड, आत बोडकी लाल माती.

"हितली झाडं मीच पाडली," दादा मान न वळवता म्हणाला. "हितली पन."

फळ्या कोणी केल्या, असं मी विचारलं.

"फळ्या कोन करतो आता? ट्रक येतो, ओंडके भरून नेतो. मला निस्तं आडवं करायला बोलवतात."

म्हशाची जत्रा चालू होती, म्हणून मुरबाडहून वाकडी वाट करून तिकडे गेलो. ही जत्रा बघायचीच असेल तर सकाळी लवकर पोचा. दुपारी धुळीने समोरचं दिसत नाही. शिंगं रंगवलेले बैल ओळीने बांधलेले, पुढे घोंगड्यांची दुकानं, भजीचा वास. गर्दीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दादाला हाक मारली.

"मिस्त्री! तुमी पाडलेल्या फळ्यांचं दार अजून हाललं नाय बगा."

दादा हसला. त्या तीन दिवसांत तो हसलेला मी तेवढाच पाहिला. म्हाताऱ्याने बांधावरच्या सागाचं विचारलं. परवाना काढून ठेवा, येतो, असं दादाने सांगूनही टाकलं.

भजी खायला टेकलो तेव्हा मी विषय काढला. "दादा, हात असे झालेत आणि तू अजून कामं घेतोस?"

"वैनीनं धाडलंय तुला."

"हो. बंद कर आता."

"आनि करू काय?"

"बघू काहीतरी."

"काहीतरी म्हंजे काय, ता सांग."

आमची भाताची जमीन कधीच भावकीत वाटली गेलेली, दादाचं शिक्षण सातवी. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. खरंच मी काही सांगेन असं त्याला वाटलं असावं. मग कागदाचा बोळा करून उठला.

म्हशाहून परत मुरबाडला येऊन माळशेज घाटाच्या रस्त्याला लागलं की समोर सह्याद्रीची भिंत येते. वैशाखरे त्या भिंतीच्या पायथ्याशी. दादाचं काम तिथल्या राघोबाबांकडे होतं. ते आणि त्यांची बायको, दोघंच घरात. शेजारची जमीन त्यांच्या मुलाने मुंबईच्या माणसाला विकलेली, त्याला रस्ता हवा होता आणि त्या रस्त्यात यांचा फणस. निदान त्याच्या फळ्या घरात राहाव्यात, नवीन खोलीला दार-खिडक्या व्हाव्यात, म्हणून राघोबाबांनी दादालाच बोलावलं होतं. ट्रकवाल्याला त्यांनी नाही म्हटलं होतं.

रात्री तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. आजी वाढताना म्हणाल्या, "उद्या मी भावाकडं जाते. पडताना बघवनार नाय."

सकाळी दादा चुलीपाशी हात शेकत बसला होता. बोटं पेरापर्यंत पांढरी, मेणाची असावीत तशी. बऱ्याच वेळाने रंग आला. मग त्याने कानस घेऊन चेनला धार लावली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, आणि फणसाला एक फेरी मारली. झाड पाडण्याचं काम मात्र त्याने असं केलं की मी बघतच राहिले. जिकडे म्हणाला तिकडेच ते पडलं. घराचं एक कौल हललं नाही. कोवळे फणस फुटून चीक वाहिला. राघोबाबा चपला काढून खोडाजवळ उभे राहिले.

दुपारी फळ्या पाडायला घेतल्या. ओंडका ठोकळ्यांवर चढवला, गेरूत भिजवलेली दोरी ताणून रेघ मारली. फणसाचं आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मशीन रेघेवरून निघालं. निम्म्यावर गेल्यावर रेघ सुटली. दादाने थांबून पुन्हा लावलं. पहिली फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघाली. "धार कमी पडली," म्हणाला, चेन पुन्हा घासली. दुसरी फळी मधेच लाटेसारखी झाली.

तिसऱ्या वेळी मशीन ओंडक्यातून निसटून खाली आलं. त्याचं बोट खटक्यावरच राहिलं होतं. चेन फिरत होती आणि ते त्याला कळत नव्हतं. मी ओरडले. त्याने खाली पाहिलं तेव्हा चेन त्याच्या पायाशेजारची माती उडवत होती. दुसऱ्या हाताने बोट ओढून काढून त्याने मशीन बंद केलं.

राघोबाबा सावकाश उठले. वाकडी फळी उचलून त्यांनी भिंतीला टेकवली, चांगली असावी तशी.

"ऱ्हाऊ दे बाबा," ते म्हणाले. "बाकीचा ओंडका मिलमधी नेऊ. ट्रकवाल्याला बोलावतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर दादा काहीतरी बोलला असता. तो ओंडक्यावर बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मी शेजारी बसून त्याचा हात हातात घेतला. लहानपणी नदी ओलांडताना याच हाताने मला घट्ट धरलेलं असायचं.

"तू धरलायस ना?" त्याने विचारलं. "मला कळत नाय."

दुसऱ्या सकाळी परत निघालो. त्या दिवशीच्या रस्त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. कुठे थांबलो, काय खाल्लं, आठवत नाही. म्हशाच्या फाट्यावर दादाने गाडी हळू केली होती, मग पुन्हा वेग घेतला.

नंतर कल्याणला डॉक्टरांना दाखवलं. इतकी वर्षं मशीनच्या थरथरीने नसा गेल्या आहेत, परत येणार नाहीत, असं ते म्हणाले. मशीन शहापूरच्या एका माणसाने नेलं. वहिनीने मला फोन करून "झालं एकदाचं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

ते "काहीतरी" मग मीच शोधलं. नवऱ्याच्या ओळखीने एका फार्महाऊसवर वॉचमनचं काम. दादा-वहिनी तिथेच एका खोलीत राहतात. आत हिरवळ आहे, ट्रकमधून आणून लावलेले ताड आहेत. मोठं झाड एकही नाही. दादा दिवसभर खुर्चीत बसतो. मी गेले की चौकशी करतो, मुलांचं विचारतो, माझ्याकडे न बघता.

मागच्या वेळी निघताना मला गेटपर्यंत सोडायला आला. खिशातून किल्ली काढली, कुलपाशी धरली, आणि ती त्याच्या बोटांतून खाली पडली. त्याने उचलली नाही. वहिनी खोलीतून धावत आली, किल्ली उचलून तिने कुलूप उघडलं. त्या दोघांच्या रोजच्या सवयीतलं होतं ते. रोज संध्याकाळी तीच गेटला कुलूप लावते, रोज सकाळी तीच काढते. मालकाला हे माहीत नाही.

म्हणून इथे प्रत्येक गावाचं नाव, रस्ता, खाण्याचं ठिकाण लिहिलंय, पण ते फार्महाऊस कुठे आहे ते लिहिलेलं नाही. कृपया कमेंटमध्ये विचारू नका.