खाली उतरवलेलं पोतं

आंबिया बहाराचं पहिलं संत्रं सोललं, की त्या वासासोबत मला अकोल्याचे भट्टीवाले काका आठवतात. तिथल्या कोळसा भाजायच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून नवाच लागलो होतो, आणि भट्टी काका सांभाळायचे. इतर कारखान्यांचं सांडपाणी गाळून झालेला कोळसा आमच्याकडे यायचा. नॉनस्टिक तव्याच्या लेपासारखी, वर्षानुवर्षं न कुजणारी रसायनं त्यात अडकलेली असायची आणि प्रचंड आचेवर ती मोडायची, हे आमचं काम. मे महिन्यात मी शेंदूरजनाघाटला घरी निघालो. बाबांनी संत्र्याच्या कलमांसाठी खड्डे खणून ठेवले होते. खड्ड्यात कोळसा टाकला की ओल टिकते, म्हणून शेडमधलं एक पोतं, भाजून झालेलं समजून, मी बिनदिक्कत उचललं. एसटी सुटणार तोच, पोतं कमी दिसल्यामुळे काका सायकल दामटत स्टँडवर आले, घामाने निथळत, हातमोजेही न काढता. "उतरव ते पोतं! भट्टीत गेलंच नाई ते अजून." मी म्हटलं, "काका, कोयसाच तं हाये." "भाजायच्या आंदी रंग कायाच, अन भाजल्यावरबी कायाच. त्यानं पान्यातलं जहर धरून ठेवलं, अन तू ते बापाच्या वावरात सोडून राहिला काय?" पोतं कॅरिअरला बांधून ते तसेच उन्हात परत गेले. साहेबांना त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. आता ती कलमं फळाला आलीत. दरवर्षी पहिली टोपली अकोल्याला काकांकडे जाते, आणि घरी लेकीच्या हातावर फोड ठेवताना मी फक्त बिया काढतो; काढण्यासारखं त्यात दुसरं काही नसतं.