बाबांचा बाक

नागपूरच्या विमानतळावर बाबा म्हणाले होते, "कुणापुढे हात पसरू नको, अन् हक्काचं सोडू नको." आई रडत होती. मी कसंबसं जय भीम म्हटलं आणि आत पळाले. पुढे धाकटा संदेश टेक्सासला निघाला, तेव्हा त्यालाही हेच सांगितलं. त्याने पहिलं अर्धं उचललं, मी दुसरं. नागपूरच्या आमच्या गल्लीतल्यांनो, आमचं भांडण अजून चालूच आहे!

मी इंग्लंडात, लेस्टरला. काही मोडलं की कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ईमेल करायचा आणि वाट बघायची. संदेश फोनवर खिदळायचा, "ताई, तुला शिंकायलाही सरकार लागतं." मी म्हणायची, "अन् तुमच्याकडे माणूस अँब्युलन्स बोलवायच्या आधी खिसा चाचपतो."

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. पार्कला जाताना त्यांचे गुडघे बोलायला लागत, म्हणून ते कोपऱ्यावरच्या बाकावर टेकायचे. तो बाक मोडला आणि बाबांचं फिरणंच थांबलं. दिवसभर खिडकीशी बसायचे. माझा जीव तुटायचा. ईमेलला उत्तर यायचं, नोंद घेतली आहे.

तेवढ्यात संदेश सुट्टीवर आला. कुणाला न विचारता फळ्या आणल्या, ठोकल्या, बाबांना बसवलं. स्वारी खूश! दोनच दिवसांत कौन्सिलचा माणूस हजर. "सॉरी मेट, सेफ्टी," म्हणत त्याने बाकाला टेप गुंडाळली.

"बघ तुझं सरकार! माझ्या बापाला बसू देत नाही!"

"बाक काय तुझ्या एकट्याचा आहे? उद्या कुणी पडलं म्हणजे?"

भर रस्त्यात आम्ही नागपुरी आवाजात भांडतोय आणि समोरची म्हातारी चहाचा मग घेऊन दारात उभी. बाबा काठी टेकत आले. "काहून बोंबलता? संदेश, घरून खुर्ची आण. ताई, तू कौन्सिलला फोन लाव."

ते टेप लावलेल्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. रोज. मग समोरच्या म्हातारीने आपली खुर्ची आणली, शेजारच्या गुजराती काकींनी आपली. आता कौन्सिलला फोन सगळ्यांचेच जायला लागले. नवा बाक आला, तोवर संदेश परतला होता.

परवा त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, घरी कधी जायचं? नागपूरला?"

बाबा बाकावर सरकले, काकींना जागा करून दिली.

"घरीच तर बसलोय," ते म्हणाले.