गाईडवरचं हेल्मेट

कापडणीस सर वर्गात आले की आधी सगळ्यांची गाईडं गोळा करायचे, टेबलावर त्यांची चळत रचायचे आणि वर स्वतःचं हेल्मेट ठेवायचे. तास संपेपर्यंत त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत, म्हणजे दर जूनला नव्याने मुलाखत आणि नव्याने नेमणूक. अशी अकरा वर्षं. माणूस सटाण्याकडचा. इंग्रजी अस्खलित, पण चिडले की अहिराणीवर यायचे.

टी.वाय.ला आम्हाला एक जुनी इंग्रजी भयकादंबरी होती. दरीकाठची हवेली, माडीवरची कुलूपबंद खोली, आतून येणारं कण्हणं. तिच्या थीम्सवर परीक्षेत प्रश्न ठरलेला आणि आमची उत्तरंही ठरलेली. एकाकीपणा, अपराधीपणा, भूतकाळाचं ओझं. मी उठून घडाघडा म्हणून दाखवलं, तर सर म्हणाले, "गाईडमा काय शे ते माले माहीत शे. तुनं काय म्हननं शे?"

माझं काय म्हणणं असणार, कपाळ!

मग त्यांनीच विचारलं, "खोलीत कोण आहे ते सोड. खाली बाकीचे रोज जेवायला बसतात. त्यांना आवाज येत नाही?"

मी एकलहऱ्याची. वडील वीजकेंद्रात कामाला. म्हटलं, "सर, आमच्या क्वार्टरमध्ये प्लँटची घरघर चोवीस तास असते. पाहुण्यांना झोप लागत नाही. आम्हाला ती ऐकूच येत नाही."

सर म्हणाले, "हे लिही. अगदी असंच लिही."

मी दोन पानं लिहिली आणि त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली. त्याआधी माझं लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परीक्षा जवळ आली तशी वर्गाची तंतरली. कुणीतरी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. सर नोट्स देत नाहीत, वर्गात अहिराणी बोलतात, अभ्यासक्रम मागे पडलाय. कागद बाकाबाकांवरून फिरत माझ्यापर्यंत आला. या सह्यांनी त्यांची जूनची नेमणूक जाणार, हे मला स्वच्छ कळत होतं. मी सही केली. मागच्या मुलीला पेनही दिलं.

त्या आठवड्यात सर आले ते हेल्मेट हातात धरूनच. गाईडं मागितली नाहीत. म्हणाले, "लिहून घ्या," आणि एकाकीपणापासून सुरुवात केली. मध्येच माझ्या बाकाशी थांबून हळू विचारलं, "स्पीड बरोबर आहे ना गं?"

"हो सर," मी म्हणाले.

जूनमध्ये ते नव्हते. पिंपळगावला एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर झालेत, असं कळलं. बसने तासाभराचा रस्ता. मी गेले नाही. रडले वगैरेही नाही. लाज वाटायला हवी होती, तीही धड वाटली नाही.

परीक्षेत थीम्सचा प्रश्न आला होता. मी गाईडमधलं उत्तर लिहिलं आणि वर्गात पहिली आले.

आता मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर तीच कादंबरी शिकवते. पहिल्या दिवसापासून नोट्स सांगते, पोरं मान खाली घालून उतरवून घेतात. दर जूनला माझी नेमणूक होते. माझ्याविरुद्ध अजून एकही अर्ज गेलेला नाही.