मेणातली गाठ

वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझल्या की त्या वासानं मला अजून घाम फुटतो. वरकुट्याच्या आमच्या अक्काची स्तनातली गाठ कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. काही ठरावीक गाठींवरच चालणारं एक नवं औषध होतं, पण ते तिला लागू पडेल का हे पुण्याच्या लॅबमध्ये तपासायचं होतं. त्यासाठी गाठीचा मेणात बसवलेला एकच तुकडा उरलेला, आणि तो न्यायला घरच्यांनी जबाबदार माणूस निवडला, म्हणजे मी. बारामतीच्या दवाखान्यातून मिळालेली डबी मी डॅशबोर्डवर ठेवली आणि एप्रिलच्या उन्हात गाडी लावून सोबत आलेल्या अक्काला घेऊन रसवंतीवर बसलो. परत येऊन पाहतो तर डबीला हात लावता येईना. “अक्का, मेण वितळलं असंल गं,” मी म्हणालो, पण झाकण उघडायचं धाडस होईना. तिनं पदरानं डबी धरून उघडली. मेण कडेला मऊ झालेलं, तुकडा मात्र जागच्या जागी. “आरं, एवढ्या औषधांनी हलली न्हाय ती, तुझ्या उन्हानं काय हलतीय?” म्हणाली, पण पुण्यापर्यंत डबी तिनं हातातून सोडली नाही. तपासणी झाली, औषध लागू पडलं. आज अक्का ठणठणीत आहे आणि माझ्या हाती साधा दह्याचा डबासुद्धा देत नाही.