ओव्याचा वास
शेजारी कुणी ओवा भाजला की मला परभणीच्या दवाखान्यातला तो वर्ग आठवतो. जुळं होणार म्हणून आम्हा नवरा-बायकोला बोलावलं होतं. सिस्टरनं सरावाला दोन कापडी बाहुल्या दिल्या, मी त्यांची कुस्ती लावून सगळ्यांना हसवलं. "ओ दादा, पोट दगडावानी कडक झालं तर लगेच निघायचं, ऐकलं का?" सिस्टर ओरडली. मी बाहुलीची मान हलवून होकार दिला. सातव्या महिन्यात एका सकाळी सोनपेठला घरी बायको म्हणाली, "पोट लय ताणायलंय ओ." मी मोठा शहाणा! "गॅस हाय," म्हणत ओवा भाजून दिला. संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. सिस्टरनं मला लगेच ओळखलं. जन्मलेल्या दोन्ही लेकरांपैकी एकही रडलं नाही. चार माणसं जमली की मी अजून हसवतो. बायको तेवढी उठून आत जाते.