मॅकनीलांची भावकी

डोंगराला भेग पडली त्या वर्षी आम्हाला वाडी सोडावी लागली. वर सगळी मिळून अकरा घरं आणि सगळ्यांचं आडनाव एकच. म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी, यावर आमचं भागायचं. तालुक्याहून माणसं आली, भेग बघितली, टेपनं मोजली आणि म्हणाली, चार दिवसांत खाली उतरा.

खाली म्हणजे पोलादपूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडी. एका कुटुंबाला एक खोली. म्हशी बांधायला जागा नव्हती. बाबांनी म्हशी नाते नावाच्या गावातल्या एका शेतकऱ्याला देऊन टाकल्या आणि हायवेच्या कामावर दगड उचलायला जाऊ लागले. ज्या माणसानं जन्मात कुणाच्या हाताखाली काम केलं नव्हतं, तो डोक्याला पिवळी टोपी घालून सुपरवायझरच्या शिट्टीवर उठू-बसू लागला. आई दुसऱ्याच्या भातलावणीला जायची. उन्हाळ्यात शेडीत इतकं तापायचं की जेवण रस्त्याकडच्या आंब्याखाली व्हायचं. येणारे-जाणारे गाड्यांतून आमची ताटं बघायचे.

उतरताना बाबांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. घराचं आढं. छपराचे सगळे वासे ज्याच्यावर टेकतात तो सागाचा लांब सोट. तीन चुलत्यांना बरोबर घेऊन त्यांनी तो नागमोडी पायवाटेनं खांद्यावरून खाली आणला. शेडीत तो मावेना. मग शेडीबाहेर निळ्या प्लास्टिकात गुंडाळून पडून राहिला. शेजारीण त्याच्यावर गोधड्या वाळत घालायची. थोरले चुलते जाता-येता टोमणा मारायचे, "घर नाय, दार नाय, आढं हाय! पाटील हायेस रे तू."

मी तेव्हा महाडच्या कॉलेजात बी.ए.ला होते, इंग्रजी घेऊन. इंग्रजी का, असं सगळे विचारायचे. कारण वाडीत कुणी घेतलं नव्हतं, एवढंच. पण दुसऱ्या वर्षाला एका पेपरात नापास होऊन केटी लागली आणि थोरल्या चुलत्यांना विषय मिळाला. "पोरीला विंग्रजी झेपत नाय. शेळ्या सांभाळू दे." बाबा मला एकटीला म्हणाले, "गो बाय, हे एक वरीस बघ. झालं तर झालं. नाय तर मग माझ्याच्यानं भावकीला तोंड देववत नाय." म्हणजे तिसरं वर्ष एका झटक्यात निघालं पाहिजे, नाहीतर शिक्षण संपलं. केटी सुटली. पण शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता आणि त्याची तोंडी परीक्षा, बाहेरच्या परीक्षकांसमोर, इंग्रजीत. मला वर्गात "मे आय कम इन" म्हणतानाही घाम फुटायचा.

प्रकल्पाला विषय सुचत नव्हता. तेवढ्यात कमवा-शिका योजनेत मला ग्रंथालयात काम मिळालं. महाडला पुराचं पाणी भरतं हे काही नवं नाही. पण त्या पावसाळ्यात ते ग्रंथालयात छातीपर्यंत चढलं होतं. पाण्यातून वाचलेली पुस्तकं वरच्या मजल्यावर ढीग घालून ठेवली होती आणि त्यांच्या पाठीवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या होत्या. ग्रंथपाल सरांनी मला इंग्रजीचे ढीग दिले आणि सांगितलं, "फळ्यांवर लावून घे, नंबर मी नंतर टाकतो."

कसं लावायचं ते काही सांगितलं नाही. मी माझ्या अकलेनं लावलं. एका जाड्या पुस्तकावर 'मॅकनील' नाव होतं. दुसऱ्या बारक्या पुस्तकावर मॅकनील. तिसऱ्यावर, चौथ्यावरही. अशी सात निघाली. कुठे ते लिहिणाऱ्याचं आडनाव, कुठे ज्या घराण्याविषयी लिहिलंय त्याचं. मला वाटलं, एका आडनावाची माणसं एका ठिकाणी असतात. आमच्याकडे तसंच असतं. मी सातही पुस्तकं एका फळीवर शेजारी शेजारी बसवली आणि इतर आडनावांचंही तसंच केलं.

दुपारी सर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फळी बघितली.

"हे काय आहे?"

"मॅकनील, सर. सगळे."

"अगं, ही कादंबरी, हा इतिहास. कादंबरीचं कपाट तिकडे, इतिहासाचं इकडे. तू काय भावकीची बैठक भरवलीयस का?"

मागे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. एक म्हणाला, "सर, चहा सांगू का पाहुण्यांना?"

सर म्हणाले, "नाव एक असलं म्हणून खरं आणि रचलेलं एका फळीवर बसत नाही. उद्या सगळं परत लाव."

मला राग आला. पण परत लावायच्या आधी, नेमकं कोण खरं आणि कोण रचलेलं ते बघू तरी, म्हणून त्यातली दोन पुस्तकं मी घरी नेली. एक मॅकनील आडनावाच्या बाईनं लिहिलेली कादंबरी. दुसरा त्याच घराण्याचा इतिहास. पानागणिक शब्दकोश उघडत वाचायला मला दीड महिना लागला.

स्कॉटलंडच्या डोंगरात गुरं पाळणारी ही माणसं. जमिनीच्या मालकाला मेंढ्यांसाठी कुरणं हवी झाली म्हणून त्यांना समुद्रकाठी हाकललं. कादंबरीत एक विधवा आहे. ती भांडी सोडते, विणायचा माग सोडते, पण घराचं आढं दोन दिरांच्या खांद्यावर देऊन खाली उतरते. ते वाचलं तेव्हा मी शेडीच्या दारात बसले होते आणि माझे पाय आमच्या आढ्यावर टेकलेले होते. मी पाय काढून घेतले.

इतिहासात त्या विधवेचा पत्ता नव्हता. तिथे एकच वाक्य होतं : लोकांनी फारशी खळखळ न करता दरी रिकामी केली. म्हणजे सरांचं बरोबर, आढं रचलेलंच. पण मला ते पटेना. मी बाबांना विचारलं, "ठेवायला जागा नव्हती, तर आणलंत कशाला?"

ते म्हणाले, "भिंत कुठंबी उभी करता येते गो. आढं नसलं तर घर कुठून आणलं ते कुणाला कळणार?"

मग मी तो इतिहास पुन्हा पहिल्या पानापासून वाचला, परिशिष्टांसकट. शेवटी मालकाच्या कारभाऱ्यानं केलेली एक यादी छापली होती. घरागणिक एक ओळ. सगळी मॅकनील. लाकूड जाळलं, लाकूड जाळलं, लाकूड जाळलं. आणि सातव्या ओळीत : विधवा, आढं घेऊन गेली.

मी शेडीत ओरडले. आई चुलीपुढून धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

माझा विषय मिळाला होता. एका आडनावाची दोन पुस्तकं, एकानं यादी जपली, दुसऱ्यानं त्या यादीतली बाई जपली. मी चाळीस पानं लिहिली. हातानं लिहून मग पोलादपूरला टाइप करून घेतली.

तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक कडक होते. माझ्या आधीची मुलगी रडत बाहेर आली. त्यांनी माझा प्रकल्प चाळला आणि इंग्रजीत विचारलं, "कादंबरीतली बाई यादीवरून घेतली असेल. मग यात तुझं काय?"

मी इंग्रजीत सुरुवात केली आणि अडकले. ग्रंथपाल सर दाराशी उभे राहून ऐकत होते. मग मी तुटक, सरळ वाक्यांत सांगितलं : यादी दोनशे पानांच्या मागे होती. ज्यानं इतिहास लिहिला त्यानं ती छापली, पण वाचली नाही. खळखळ केली नाही असं त्यानं लिहिलं. आढं खांद्यावर घेऊन डोंगर उतरणं हीच खळखळ असते. मला ते माहीत आहे, कारण आमचं आढं माझ्या वडिलांनी आणलंय आणि ते आमच्या दाराबाहेर आहे.

परीक्षकांनी प्रकल्प मिटला नाही. परिशिष्टाचं पान उघडून सातवी ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, "बस. आता सावकाश, पहिल्यापासून सांग." मी वीस मिनिटं बोलले. इंग्रजीत.

ग्रंथपाल सरांनी ती फळी मला परत लावायला लावली नाही, स्वतःच लावली. पुस्तकं नंबराप्रमाणे आपापल्या कपाटात गेली हे खरं, पण दोन्हीकडे सरांच्या अक्षरात एकेक पुठ्ठ्याची पाटी आहे : याच आडनावाचं दुसरं पुस्तक समोरच्या कपाटात पाहा.

निकाल लागला तेव्हा बाबा हायवेवर होते. मी तिथेच गेले. पिवळी टोपी काढून त्यांनी कागद हातात धरला, उलटा. मी सुलटा करून दिला, आढ्यावरच्या प्रकल्पाचे मार्क बोटानं दाखवले आणि पास झाले म्हणून सांगितलं. त्याच कामावर असलेले थोरले चुलते म्हणाले, "काय झालं?"

बाबा म्हणाले, "आढं पास झालं."

पुढच्या वर्षी शासनाच्या जागेवर आमचं घर उभं राहिलं. आढं वर चढवताना थोरल्या चुलत्यांनीच खांदा दिला. पण त्याच्या आधीच मी बी.ए. झाले होते. इंग्रजी घेऊन, पहिल्या वर्गात. आमच्या अकरा घरांत माझ्या आधी पदवीधर कुणी नव्हतं.